थांबायची ऐपत

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या, शाहूवाडी तालुक्यातल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत पहिल्याच प्रयत्नात तो दोन गुणांनी राहिला. घरच्यांनी नोकरी धरायला लावली. त्याच्याच रूमवरच्या मित्राला त्या वर्षी त्याच्यापेक्षाही कमी गुण होते. तो मित्र तिसऱ्या प्रयत्नात अधिकारी झाला. त्याचे काका आधीच सरकारी नोकरीत, घर बऱ्यापैकी. "सर, माझ्यात काय कमी होतं? मेहनत, नशीब, का घर? आणि आता नोकरी सोडून परत बसू का?"

आधी तुझ्या त्या दोन गुणांचा हिशोब करू, कारण तेवढ्यावर तू स्वतःला बरीच वर्षं बोल लावत बसला आहेस असं दिसतंय.

पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर पाव भाग कापतात, म्हणजे अर्धा गुण वजा. याचा अर्थ, चारातले दोन पर्याय खोडून उरलेल्या दोनांपैकी एक गोल तू रंगवलास आणि तो चुकला, तर बरोबर आलेल्याच्या तुलनेत तू अडीच गुणांनी खाली गेलास. तू राहिलास दोन गुणांनी. एका प्रश्नावरचा एक अंदाज इकडचा तिकडे झाला असता तर तू त्या वर्षी मुख्य परीक्षेला बसला असतास. कटऑफच्या अलीकडे-पलीकडे पोरांची नुसती रेटारेटी असते. तिथं कोण आत आणि कोण बाहेर हे अभ्यासावर ठरतं असं म्हणणाऱ्यानं एकदा उत्तरतालिका घेऊन बसावं.

पण म्हणून सगळंच नशीब, असं म्हणू नकोस. त्या रेटारेटीपर्यंत पोचायलाच अभ्यास लागतो. लाखांनी अर्ज येतात, त्यातले बहुतेक कटऑफच्या जवळपासही नसतात. नशिबाचा खेळ दारात पोचलेल्यांमध्येच चालतो. तू दारात होतास. तुझ्या 'काय कमी होतं'चं उत्तर एवढंच आहे, आणि ते मी तुझं मन राखायला देत नाही.

आता मित्राकडं बघ. नशिबानं तुला एकदा पाडलं, त्याला दोनदा पाडलं. म्हणजे नशीब मोजायचंच झालं तर तुझ्यापेक्षा तोच कमनशिबी. फरक असा की तिसऱ्या वेळी नशीब फिरून आलं तेव्हा तो तिथं उभा होता आणि तू शिरोलीत सेकंड शिफ्टला होतास. कोल्हापुरात मी वीसेक वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्लेसमेंटचं काम करतोय, त्याआधी उद्यमनगरात एका मशीन शॉपवर होतो. इतक्या पोरांचं बघून माझं मत असं झालंय की घराची ऐपत सगळ्यात जास्त दिसते ती थांबण्यात. चांगली शाळा, क्लास, लॅपटॉप, इंग्रजी हे सगळं आहेच, त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण एकदा हुकल्यावर पुढची संधी येईपर्यंत घर तुला किती महिने सांभाळू शकतं, याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

परीक्षेच्याच क्षेत्रातलं बघ. २०२० ची राज्यसेवा पूर्व एप्रिलमध्ये व्हायची होती. कोविड आला, तारीख पुढं गेली, परत गेली, परत गेली. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना, ती आणखी एकदा पुढं ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. शेवटी २१ मार्चला परीक्षा झाली. हे जवळजवळ एक वर्ष. अभ्यास सगळ्यांचा तोच होता. पण त्या वर्षात कुणाच्या बापानं मेसचे पैसे पाठवले आणि कोण गावाकडं परत येऊन ऊस तोडायला लागला, कोण बँकेच्या वसुलीला लागला, यावर निकालाचा बराच भाग आधीच लागला होता. त्या यादीत नाव आलेल्यांच्या सत्कारात हे कुणी बोललं नाही, आणि बोलणार तरी कसं? सत्काराला जिद्द लागते, महिन्याचं मेसबिल नव्हे.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो, कारण तिथं हे जास्त उघडं दिसतं.

कॅम्पसला चाकणची कंपनी येते. आमची पाच पोरं घेते. पत्रं येतात, कॉलेजच्या फलकावर फोटो लागतात. जॉइनिंगच्या दिवशी चारच जातात. पाचव्याला फोन लावला की आई सांगते, "त्याला बरं न्हाई." दोन-तीनदा विचारल्यावर खरं बाहेर येतं. चाकणला रूमचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, मेसचे आगाऊ पैसे, मेडिकल, सेफ्टी शूज. आणि जॉइनिंग महिन्याच्या मध्यावर असेल तर पगाराचा कटऑफ निघून गेलेला असतो, पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी. म्हणजे महिना-दीड महिना खिशातून जगायचं. घरात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, ते चारा-पेंडीत आणि किराण्यात जातं. उसाचं बिल कायद्यानं चौदा दिवसांत यायला पाहिजे, येतं कारखान्याच्या सवडीनं, आणि मुळात गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास. जॉइनिंग असतं जुलैत. त्या पोराच्या घरी वर्षाकाठी पैसा नाही असं नाही, जुलैत नाही. ऑफर लेटर ट्रंकेत पडून राहतं आणि पोरगा गोकुळ शिरगावला ओळखीनं आठ-दहा हजारांवर चिकटतो. कंपनीच्या एचआरचा शेरा काय? 'कॅन्डिडेट नॉट सीरियस.' पुढच्या वर्षी तीच कंपनी विचारते, तुमच्याकडची पोरं जॉइन का होत नाहीत.

अॅडमिशनच्या वेळी हेच वेगळ्या रूपात येतं. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये, ज्याला धीर धरता येतो तो पुढच्या फेरीत चांगली ब्रँच मिळेल म्हणून वाट बघतो. ज्याच्या बापानं फीसाठी पतसंस्थेतून पैसे काढून आणलेत तो पहिल्या फेरीत जे मिळेल ते घेऊन मोकळा होतो. पैसे घरात पडून राहिले तर दुसरीकडं जातील ही धास्ती असते, आणि ती खरी असते.

कागदांचं तर विचारूच नकोस. राखीव जागेवर प्रवेशाला जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या. आता विचार कर. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्या घरात दाखला आहे. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, त्याच्याकडं पुरावा कुठला असणार? म्हणजे ज्याला आरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच कागद जमवणं सगळ्यात अवघड. त्यात आमच्या भागात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची पोरं ओला झालेला दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आलेली मी पाहिली आहेत, शाई पसरलेली, साल वाचता येत नाही. मग शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा, हेडमास्तर रजेवर, रजिस्टर कपाटात, किल्ली दुसऱ्या शिक्षकाकडं. ज्याचा मामा तालुक्याला क्लार्क आहे त्याचं काम दोन दिवसांत होतं. यात त्या मामाचा वशिला नसतो. त्याला फक्त कुठला अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे माहीत असतं. सेतूच्या रांगेत तिसऱ्यांदा उभा असलेल्या बापाला तेच माहीत नसतं आणि त्या दिवसाची त्याची हजेरी बुडालेली असते.

मुलींचं आणखी वेगळं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. चांगलं झालं, वर्गात फरक दिसतोय. पण मुलीच्या बाबतीत पैसा ही पहिली अडचण नसते, वेळ असते. मुलगा डिग्रीनंतर वर्षभर घरी बसला तर 'तयारी करतोय'. मुलगी बसली की पाहुणे येऊन बघून जातात. एका मुलीला, हुशार, इलेक्ट्रॉनिक्सची, पुण्यातल्या कंपनीनं निवडलं आणि जॉइनिंग लांबवलं. आयटीत ती लांबवालांबवी २०२२ नंतर सगळीकडंच झाली. मुलं थांबली. तिच्या घरच्यांनी पुढच्या मे महिन्यातला मुहूर्त धरला. कंपनीचा मेल नंतर आला. ती हल्ली सांगलीला असते, मुलांच्या शिकवण्या घेते. तिचं नशीब वाईट म्हणायचं का? मेल तर आला होता.

साल कुठलं मिळालं हेही आहेच. २००८-०९ च्या मंदीत पास झालेली बॅच आणि २०२१ ची बॅच यांच्यात डोक्यानं काही फरक नव्हता. २०२१-२२ ला आयटी कंपन्या पोरं अक्षरशः उचलून नेत होत्या, सिव्हिलची, मेकॅनिकलची, कुणालाही. दोनच वर्षांनी त्याच कंपन्या फिरकेनात. जन्म दोन वर्षं आधी झाला असता तर कितीजण आज हिंजवडीत असते. पण इथंही तेच: मंदीच्या बॅचमधली ज्यांची घरं भक्कम होती ती एमटेकला गेली, काही बाहेरदेशी गेली, बाजार सुधारल्यावर परत आली. बाकीच्यांनी मिळेल ते धरलं आणि पहिल्या नोकरीचा शिक्का पुढं वर्षानुवर्षं बायोडाटावर राहिला.

एक अट मला मनापासून नडते, 'दहावीपासून सलग ६० टक्के'. एका नावाजलेल्या कंपनीला आम्ही दरवर्षी पत्र लिहायचो की डिग्रीला ७२ टक्के असलेल्या पोराला दहावीच्या ५७ साठी बाहेर काढू नका. उत्तर कधी आलं नाही. पंधराव्या वर्षी शाळेला गणिताचा मास्तर होता की नव्हता, याची शिक्षा बावीसाव्या वर्षी. पदवीला वर आलेलं पोरगं खरं तर जास्त चढून आलेलं असतं, पण चाळणीला ते कळत नाही.

तू फाउंड्रीत आहेस म्हणून तुला एक आठवण करून देतो. रस ओतायच्या एकाच लॅडलमधून ओतलेल्या दोन साच्यांतला एक जॉब नीट येतो आणि दुसऱ्याला ब्लोहोल पडतो, म्हणजे आत हवेची पोकळी राहते. जॉबचं नशीब खोटं म्हणून रिजेक्शन रजिस्टर बंद करणारा फोरमन मी तरी पाहिला नाही. तो वाळूतला ओलावा बघतो, हवा जायचं व्हेंट तुंबलंय का बघतो, साच्यातला वाळूचा कोअर नीट वाळला होता का विचारतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण 'असतं एकेकाचं नशीब' म्हणून रजिस्टर मिटतो.

कोल्हापुरात राहून शाहू महाराजांचं नाव सगळेच घेतात, जूनमध्ये तर जास्तच. पण त्यांनी केलेल्या कामाकडं या नजरेनं बघ. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्याआधी, १९०१ पासूनच, बोर्डिंगं सुरू झाली होती: मराठा, जैन, पुढं मुस्लिम, लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. नोकरीची जागा राखून भागत नाही, त्या जागेपर्यंत पोचेतोवर पोरगं शहरात कुठं झोपणार आणि काय खाणार याची सोय लागते, हे त्या माणसाला कळलं होतं. गंगाराम कांबळेंची गोष्ट तर त्याच्याही पुढची. पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान घालायला पैसे दिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदारांनाही पाजायचे. भांडवल दिलं आणि गिऱ्हाईकही आणून दिलं. आजही राजारामपुरीत रूम बघायला गेलेल्या पोराला आधी आडनाव विचारतात आणि मग 'रूम आत्ताच गेली' म्हणतात. त्या पोराला स्कॉलरशिप आहे. पण रूम मिळेपर्यंत तो रोज एसटीनं दोन-दोन तास ये-जा करतो आणि पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहतात.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण लोक जिद्दीचं म्हणून देतात. जिद्द होतीच, पण बाकीचंही बघ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चं ते कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, दुसऱ्या प्रयत्नाचं आहे. पहिल्या प्रयत्नावर थांबले असते तर आज नावही माहीत नसतं. आणि हेलसिंकीतच काय झालं? जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लाबरोबर उतरायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेल्या अंगानं उतरले आणि हरले. मला खर्डेकरांच्या गहाण घराइतकाच तो हजर नसलेला अधिकारी महत्त्वाचा वाटतो. नियम तुझ्या बाजूचा असून उपयोग नाही, तो माहीत असलेला माणूस त्या वेळी तुझ्या शेजारी लागतो.

नेमबाज स्वप्निल कुसाळेचंही तसंच. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य. 'खेड्यातला पोरगा' एवढंच पेपरात ठळक येतं. वडील शिक्षक, म्हणजे घरात महिन्याचा पगार. २००९ पासून शासनाची क्रीडा प्रबोधिनी. नंतर रेल्वेची नोकरी. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत उतरल्यापासून पहिल्या ऑलिंपिकपर्यंत बारा वर्षं. ती बारा वर्षं पगार चालू असताना काढता आली. त्यानं त्याचं कर्तृत्व तिळभर कमी होत नाही. कांबळवाडीच्या आसपासच्या वाड्यांवर तसाच हात असलेली आणखी किती पोरं असतील आणि ती सध्या काय करतात, हे मात्र विचारावंसं वाटतं.

माझंही सांगायचं तर वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. पगार कमी, पण एक तारखेला यायचा. उद्यमनगरातलं माझं शॉप बंद पडलं तेव्हा मी काही महिने घरी बसून बरी नोकरी शोधू शकलो. माझ्या बरोबरचा टर्नर, हातानं माझ्यापेक्षा कितीतरी सरस, दुसऱ्याच दिवशी मिळेल त्या रोजावर गेला, कारण त्याच्या घरी संध्याकाळची चूल रोजावर होती. आमच्या दोघांच्या पुढच्या तीस वर्षांतला फरक त्या काही महिन्यांतून निघाला आहे.

आता तुझा खरा प्रश्न: नोकरी सोडून परत बसू का?

माझं मत, नको. तुझी लायकी नाही म्हणून नव्हे. तू लिहिलंयस की धाकटी बहीण नर्सिंगला आहे आणि घराचं कर्ज तुझ्या पगारातून जातं. म्हणजे तुझ्याकडं एकाच प्रयत्नाचा दम आहे, आणि एका प्रयत्नाचं काय होतं ते आपण वर अडीच गुणांच्या हिशोबात पाहिलं. तशात मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तुझा जुना अभ्यास बऱ्याच अंशी नव्यानं मांडावा लागेल. मित्राला तीन वेळा फासे टाकायला मिळाले. तू पगार सोडून एकदाच टाकणार असशील तर तो डाव मी तुला खेळायला सांगणार नाही. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, तेव्हा दार आजच बंद होत नाही. परीक्षा द्यायचीच तर नोकरीवर राहून दे. कमी वेळ मिळेल, पण दोन-तीनदा बसता येईल, आणि तुझ्या बाबतीत संख्या महत्त्वाची.

त्याचबरोबर हातातल्या कामातही थांबायची सोय करून घे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, आरडी लाव, बहिणीच्या फीला हात न लावता. फाउंड्रीत क्वालिटीला असून एनडीटी लेव्हल टू (जॉब न फोडता तपासण्याचं सर्टिफिकेट) केलं नसशील तर ते आधी कर. कोल्हापूरच्या पट्ट्यात, शिरोलीपासून कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीपर्यंत, बऱ्या जागांची जाहिरात क्वचितच येते. फोरमन मॅनेजरला सांगतो, मॅनेजर पाहुण्याला सांगतो आणि जागा भरते. तुझा पाहुणा नसेल तर कस्टमर ऑडिटला येणाऱ्या माणसांशी ओळख ठेव. रिजेक्शन मीटिंगला मागं उभा राहू नकोस, आकडे तूच मांड. लाज वाटेल, वाटू दे. ज्यांच्या घरात काका असतात त्यांना हे काका जेवताना सांगतात.

आणि मित्राशी बोलणं बंद केलं आहेस असं तुझ्या पत्रावरून वाटलं. ते परत सुरू कर. तो नुकताच मुख्य परीक्षेतून आणि मुलाखतीतून गेला आहे, नोट्स त्याच्याकडं आहेत, आणि बहिणीच्या व्हॅलिडिटीचं (जात पडताळणीचं) प्रकरण अडकलंय म्हणालास, तर कुठल्या टेबलावर अडकलं असेल हे आता तो एका फोनवर सांगू शकेल. तेवढं त्याला विचार.